मूत्रपिंडरोपण, अष्ठीला ग्रंथी आणि यंत्रहस्त : एका शस्त्रक्रियेचा पूर्वेतिहास

१

वैद्यकाच्या इतिहासात नव्या शस्त्रक्रियेचे श्रेय बहुधा नव्या उपकरणाला दिले जाते. उपकरण डोळ्यांना दिसते, त्याला नाव असते, किंमत असते आणि ते कोणत्या साली आले हे सांगता येते. याउलट, ज्या परिस्थितीमुळे त्या उपकरणाची गरज निर्माण झाली ती अनेक दशकांत, निरनिराळ्या देशांत आणि परस्परांशी संबंध नसलेल्या व्यक्तींच्या हातून घडलेली असते. अशा परिस्थितीचा शोध घेणे हे इतिहासाचे काम होय.

अमेरिकेतील न्यूयॉर्क येथील झवेरी, टॅन, शेर आणि तिवारी या शल्यवैद्यांनी २००८ साली एक लहानसा वृत्तांत प्रसिद्ध केला. पूर्वी मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णाच्या अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग यंत्रहस्तांच्या साहाय्याने काढून टाकल्याची हकीकत त्यात होती. त्यानंतर अमेरिका, युरोप व जपान येथून असेच वृत्तांत येत गेले आणि एकेकाळी धाडसाची मानली गेलेली ही शस्त्रक्रिया अनुभवी केंद्रांच्या नित्य कामांत जमा झाली. या बदलाचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण असे की, यंत्र आले आणि अशक्य ते शक्य झाले.

हे स्पष्टीकरण अपुरे आहे. अशा रुग्णांवर ही शस्त्रक्रिया यंत्रापूर्वीही, उघड्या पद्धतीने आणि दुर्बिणीतून, झालेली होती. मग यंत्राने नेमके काय साधले? आणि मुळात असा रुग्ण विसाव्या शतकाच्या अखेरीपूर्वी जवळजवळ का आढळत नव्हता? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू गेले असता, पॅरिस, बॉस्टन, बाल्टिमोर आणि लायडन येथे स्वतंत्रपणे घेतल्या गेलेल्या निर्णयांचे धागे एकाच ठिकाणी, म्हणजे मनुष्याच्या श्रोणिपोकळीत, येऊन मिळालेले दिसतात.

२

पहिला धागा मूत्रपिंडाच्या जागेचा आहे. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांचा १८९४ साली लियाँ येथे सुऱ्याच्या वाराने मृत्यू झाला. तुटलेली मोठी रक्तवाहिनी शिवण्याची विद्या त्या काळी शल्यवैद्यांस अवगत नव्हती. तेथीलच तरुण वैद्य आलेक्सी कारेल यांनी या उणिवेकडे लक्ष दिले आणि १९०२ साली रक्तवाहिन्यांची टोके बारीक सुई व रेशमी धागा यांनी जोडण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे एमेरिख उलमान यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड त्याच्याच मानेत बसवून दाखविले. कारेल यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शिवणीचा प्रश्न सुटला होता. परंतु परक्या शरीराचे मूत्रपिंड टिकत का नाही, याचा उलगडा झाला नव्हता.

माणसाचे मूत्रपिंड माणसाला बसविण्याचा पहिला प्रयत्न युक्रेनमधील खेर्सोन येथे यूरी व्होरोनॉय यांनी १९३३ साली केला. मृत व्यक्तीचे मूत्रपिंड रुग्णाच्या मांडीवर जोडण्यात आले. रुग्ण दोन दिवसांनी दगावला. पुढे १९५० नंतर बॉस्टन येथे डेव्हिड ह्यूम यांनीही मांडीचीच निवड केली. मांडीवरील रक्तवाहिन्या हाताशी असतात, हा त्या निवडीचा लाभ; मूत्रवाहिनी कातडीवर उघडी ठेवावी लागे, हा तोटा. अशी व्यवस्था फार दिवस चालण्याजोगी नव्हती. पण त्या काळी फार दिवसांचा विचार करण्याची वेळच येत नसे.

निर्णायक बदल पॅरिसमध्ये १९५१ साली झाला. रने क्यूस आणि त्यांचे समकालीन फ्रेंच शल्यवैद्य यांनी मूत्रपिंड मांडीवर न बसविता नितंबास्थीच्या आतील खोलगट भागात, पोटाच्या अस्तराबाहेर बसविण्यास आरंभ केला. त्यांच्या रुग्णांपैकी कोणीही दीर्घकाळ जगला नाही. पण जागेची निवड मात्र टिकली. तिची कारणे शुद्ध व्यवहाराची होती. तेथे पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या सहज सापडतात. मूत्राशय जवळ असल्याने मूत्रवाहिनी आखूड ठेवता येते. आणि तिला रक्ताचा पुरवठा मूत्रपिंडाच्या बाजूनेच होत असल्यामुळे ती जितकी आखूड तितकी सुरक्षित. पोटाचे अस्तर उघडावे लागत नाही. शिवाय मूत्रपिंड कातडीखाली हाताला लागते, त्यामुळे त्याची तपासणी सोपी होते. रुग्णाची मूळची दोन मूत्रपिंडे सहसा आपल्या जागीच राहू दिली जातात. रोपण झालेल्या मनुष्याच्या शरीरात बहुधा तीन मूत्रपिंडे असतात, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

जोसेफ मरे यांनी २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगॅम रुग्णालयात रोनाल्ड हेरिक यांचे मूत्रपिंड त्यांचे एकसारखे जुळे बंधू रिचर्ड यांना बसविले, ते याच जागी. रिचर्ड हेरिक आठ वर्षे जगले. रोपणाचे पहिले दीर्घकालीन यश म्हणून ही घटना प्रसिद्ध आहे. तिच्याबरोबर ती जागाही प्रमाण ठरली आणि सत्तर वर्षांनंतरही सर्वसाधारणपणे तीच प्रमाण आहे. मूत्राशयाच्या शेजारी आणि अष्ठीला ग्रंथीपासून काही बोटांच्या अंतरावर एक परके इंद्रिय कायमचे वस्तीला आले. त्या शेजाराचा परिणाम पुढे काय होईल याचा विचार १९५१ साली कोणी केला नाही, आणि करण्याचे कारणही नव्हते.

३

दुसरा धागा आयुर्मानाचा. परके ऊतक शरीर का नाकारते याचे उत्तर पीटर मेडावर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या रुग्णांवरील त्वचारोपणाच्या अभ्यासातून दिले : हा नकार शरीराच्या प्रतिकारशक्तीचाच व्यापार होय. तेव्हा रोपण टिकवावयाचे तर प्रतिकारशक्ती दडपली पाहिजे. प्रथम सर्वांगावर क्ष-किरणांचा मारा करून पाहण्यात आला. त्यात रुग्ण संसर्गाने मरत. १९५९ साली श्वार्ट्झ आणि डॅमेशेक यांनी मर्कॅप्टोप्यूरीन या औषधाचा सशांवरील परिणाम प्रसिद्ध केला. त्याचा उपयोग करून रॉय कॅन यांनी १९६० साली कुत्र्यांत मूत्रपिंडाचे आयुष्य वाढवून दाखविले. त्या औषधातून अ‍ॅझाथायोप्रीन निघाले. १९६२ साली त्याच्या आधारे मृत दात्याचे मूत्रपिंड प्रथमच वर्षाहून अधिक काळ टिकले आणि पुढील वर्षी टॉमस स्टार्झल यांनी त्याला स्टेरॉइडची जोड दिली.

पुढची मोठी औषधे मातीतून आली, आणि तीही दूरदूरच्या भूमींच्या. नॉर्वेतील एका पठारावरील मातीतल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरीन मिळाले. रापा नुई या पॅसिफिक बेटावरील मातीतून सिरोलिमस. जपानमधील त्सुकुबा येथील मातीतून १९८४ साली टॅक्रोलिमस. यांपैकी सायक्लोस्पोरीनने रोपणाचे सर्व गणित बदलले. कॅन यांनी १९७८ साली त्याचा रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला आणि १९८३ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. त्यापूर्वी रोपण म्हणजे काही वर्षांची मुदतवाढ होती. त्यानंतर ते सामान्य आयुष्याकडे परत येणे ठरू लागले.

परंतु दडपलेल्या प्रतिकारशक्तीचे मूल्य द्यावे लागतेच. इस्रायल पेन यांनी डेन्व्हर येथे १९६८ साली रोपणग्राही रुग्णांतील कर्करोगांची नोंदवही सुरू केली. पुढे ती सिनसिनाटी येथे नेण्यात आली. त्वचेचे व लसीका ग्रंथींचे कर्करोग या रुग्णांत विशेष आढळतात हे तिच्यातून स्पष्ट झाले. अमेरिकेतील पावणेदोन लाखांवर रोपणांच्या नोंदी तपासून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोपणग्राहींतील कर्करोगाचे एकूण प्रमाण सामान्य लोकसंख्येच्या सुमारे दुप्पट आढळले. अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग मात्र त्यात वाढलेला नव्हता.

ही गोष्ट प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. या रुग्णांत अष्ठीलेचा कर्करोग दिसू लागला तो औषधांच्या दोषामुळे नव्हे, तर ते साठीच्या पुढे जगू लागले म्हणून. तो मुख्यत्वे उतारवयाचा रोग होय. १९६० च्या दशकातील रोपणग्राही त्या वयापर्यंत क्वचितच पोहोचत. १९९० नंतरचे पोहोचू लागले. त्यातच रक्तातील एका प्रथिनावरून या ग्रंथीच्या रोगाचा संशय घेण्याची, पीएसए या नावाने ओळखली जाणारी, चाचणी आली. अमेरिकेत तिला १९८६ साली रोगाच्या देखरेखीसाठी व १९९४ साली निदानास साहाय्यक म्हणून मान्यता मिळाली. रोपणग्राही मनुष्याचे रक्त वारंवार तपासले जातेच. तेव्हा त्याच्या बाबतीत हा रोग लवकर, आणि पुष्कळदा निरुपद्रवी अवस्थेतही, उघडकीस येऊ लागला. रोपणाच्या यशाने वय दिले आणि चाचणीने निदान दिले. या दोहोंच्या संयोगातून हा नवा रुग्ण जन्मास आला.

४

तिसरा धागा अष्ठीला ग्रंथीच्या शस्त्रक्रियेचा. तिच्या नावांचा इतिहासही उद्बोधक आहे. ‘प्रोस्टेट’ हा शब्द ग्रीक ‘प्रोस्टाटेस’ वरून, म्हणजे ‘पुढे उभा राहणारा’ या अर्थाच्या शब्दावरून, युरोपीय शारीरविद्येत आला. मूत्राशयाच्या तोंडाशी उभी असलेली ग्रंथी असा त्याचा आशय. हिंदीत व काही मराठी लेखनात वापरला जाणारा ‘पुरःस्थ’ हा त्याचाच पदशः अनुवाद आहे. आणि ग्रीक ‘स्टा’ व संस्कृत ‘स्था’ हे धातू सगोत्र असल्यामुळे तो विशेष सहज साधला आहे. मराठीत रूढ झालेला ‘अष्ठीला’ हा शब्द मात्र निराळ्या परंपरेतील होय. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या प्रकारांत ‘वाताष्ठीला’ येते. अष्ठीला म्हणजे वाटोळा कठीण दगड; मलमार्ग व मूत्राशय यांच्या मध्ये तशी गाठ होऊन मूत्र अडते, असे तिचे वर्णन आहे. अर्थात सुश्रुताचा शब्द अवस्थेचा वाचक आहे, इंद्रियाचा नव्हे. आधुनिक परिभाषाकारांनी तो इंद्रियास लावला. ग्रीक परंपरेने ग्रंथीस तिच्या स्थानावरून नाव दिले, मराठीने तिच्या विकारावरून. पुढील इतिहासात या दोन्ही गोष्टींना महत्त्व आले. विकार काढावयाचा खरा, पण अडचण स्थानाची होती.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी ७ एप्रिल १९०४ रोजी कर्करोगासाठी ही ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया केली. विल्यम हाल्स्टेड त्यांस साहाय्य करीत होते. त्यांचा मार्ग खालून, गुदद्वाराच्या पुढील भागातून होता. लंडन येथे टेरेन्स मिलिन यांनी १९४५ साली जघनास्थीच्या मागून ग्रंथीपर्यंत जाण्याचा मार्ग प्रसिद्ध केला आणि थोड्याच काळात तो कर्करोगासाठीही वापरला जाऊ लागला. या मार्गाने ग्रंथी समोर दिसे. परंतु तिच्यावरून जाणारे शिरांचे जाळे फुटून पुष्कळ रक्तस्राव होई. शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्णांस पौरुषशक्ती गमवावी लागे आणि कित्येकांस मूत्रावर ताबा राहत नसे. म्हणून चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिलेल्या संप्रेरक-चिकित्सेकडे आणि पुढे किरणोपचाराकडे वैद्यांचा कल होता.

हे चित्र पालटले ते कोणत्याही यंत्रामुळे नव्हे, शवविच्छेदनामुळे. जॉन्स हॉपकिन्सचेच पॅट्रिक वॉल्श यांनी प्रथम शिरांच्या जाळ्याची रचना समजून घेऊन रक्तस्राव आटोक्यात आणला. १९८१ साली ते हॉलंडमधील लायडन येथे गेले असता, निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर एका मृतजात अर्भकाच्या श्रोणीतील मज्जातंतूंचे विच्छेदन करीत होते. प्रौढ शवात चरबी व तंतुमय ऊतक यांत हरवून जाणारे बारीक मज्जातंतू तेथे स्पष्ट दिसत होते. उत्थानाशी संबंधित मज्जातंतू ग्रंथीच्या आतून जात नाहीत, तिच्या बाहेरून जातात, असे त्या दोघांस आढळले. म्हणजे ते वाचविता येण्यासारखे होते. वॉल्श यांनी २६ एप्रिल १९८२ रोजी ते हेतुपूर्वक वाचवून पहिली शस्त्रक्रिया केली. यंग यांच्यापासून वॉल्श यांच्यापर्यंत अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली. त्या काळात शल्यवैद्यांचे हात कमी कुशल नव्हते. कोठे कापू नये हे त्यांना ठाऊक नव्हते.

५

चौथा धागा यंत्राचा. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या चेक नाटकातून जगभर गेला. तो सुचविला त्यांचे बंधू योसेफ यांनी. ‘रोबोटा’ म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर करावयाची सक्तीची मजुरी. मराठीत याला नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘वेठ’. या दृष्टीने ‘रोबो’ म्हणजे वेठबिगार. मराठीने मात्र ‘यंत्रमानव’ असा शब्द घडविला. त्यात वेठीचा अर्थ लोपला आणि मनुष्यत्वाचा अर्थ वर आला. कथाकादंबऱ्यांत याने काही बिघडत नाही. परंतु ‘यंत्रमानवाने शस्त्रक्रिया केली’ असे वाक्य छापले जाते तेव्हा कर्ता बदलतो, आणि कर्त्याबरोबर जबाबदारीही बदलल्याचा भास होतो.

वस्तुतः या यंत्राचा वंश चापेकांच्या स्वयंचलित मजुरांचा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्झ यांनी किरणोत्सर्गी पदार्थ दुरून हाताळण्यासाठी जोडहात तयार केले. मनुष्य एका बाजूस हात हलवी आणि भिंतीपलीकडील धातूचे हात त्याचे अनुकरण करीत. अभियंते या रचनेला मालक-गुलाम रचना म्हणत. वेठीचा अर्थ येथे अनपेक्षितपणे परत आलेला दिसतो. शस्त्रक्रियेत स्वतः हालचाल ठरविणारी यंत्रेही करून पाहण्यात आली. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमध्ये ब्रायन डेव्हिस आणि जॉन विकम यांनी तयार केलेले ‘प्रोबॉट’ हे अष्ठीलेसाठीच होते आणि १९९१ साली ते रुग्णावर वापरण्यात आले. त्या शाखेचा विस्तार झाला नाही. यशस्वी झाली ती दुसरी शाखा.

यंत्रापूर्वी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा टप्पा येऊन गेला होता. टेक्सासमधील शुसलर व त्यांचे सहकारी यांनी १९९१ पासून नऊ रुग्णांवर ती करून पाहिली आणि १९९७ साली तिचा विशेष लाभ नाही असे मत दिले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या मोंसुरी संस्थेत गियोनो आणि व्हालांस्यें यांनी ती पद्धतशीरपणे उभी केली. अडचण हातांची होती. पोटाच्या भिंतीतील छिद्रातून घातलेले सरळ, लांब अवजार टेकूवरील तरफेसारखे उलटे हलते; त्याने खोल श्रोणीत मूत्राशय व मूत्रमार्ग यांची टोके शिवणे हे फार थोड्यांस साधे.

‘दा विंची’ या यंत्राने नेमकी हीच अडचण दूर केली. शल्यवैद्य काही अंतरावर बसून मूठ व बोटे हलवितो. आत गेलेल्या अवजारांस मनगटासारखा सांधा असल्यामुळे ती कोणत्याही दिशेस वळतात. हाताचा कंप गाळला जातो आणि दृश्य खोलीसह अनेक पटींनी मोठे दिसते. स्पर्शाची जाणीव मात्र हरपली. दाब जाणवून देण्याची सोय असलेल्या आवृत्तीस अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०२४ साली. फ्रँकफुर्ट येथे बिंडर आणि क्रामर यांनी २००० साली या यंत्राने अष्ठीला काढली. त्यानंतर लवकरच भारतात जन्मलेले व शिकलेले मणी मेनन यांनी डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात या शस्त्रक्रियेची पद्धत बसविली आणि ती सर्वत्र पसरली. हे यंत्र निर्णय घेत नाही. कोठे कापावे आणि कोठे कापू नये हे ते जाणत नाही. ते ज्ञान वॉल्श आणि डोंकर यांचे आहे.

६

आता हे धागे एकत्र येतात. रोपण झालेल्या मनुष्याच्या अष्ठीलेकडे जाताना शल्यवैद्यास १९५१ सालच्या निर्णयाशी गाठ घालावी लागते. ओटीपोटाच्या एका बाजूस, पुष्कळदा उजवीकडे, रोपित मूत्रपिंड असते. यंत्राची अवजारे आत घालण्याची छिद्रे नेहमीच्या जागी पाडता येत नाहीत. त्या बाजूची वर अथवा मध्याकडे सरकवावी लागतात. पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे ऊतके परस्परांस चिकटलेली असतात. सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे नवी मूत्रवाहिनी. ती मूळच्या मूत्रवाहिन्यांप्रमाणे मूत्राशयाच्या मागील तळाशी न येता सामान्यतः वरच्या भागास जोडलेली असते. नेहमीच्या पद्धतीत मूत्राशय पुढील भिंतीपासून सोडवून खाली आणावा लागतो. तसे करताना ही मूत्रवाहिनी ताणली वा तुटली तर कर्करोग जाऊन मूत्रपिंडही जाण्याचा धोका. त्या बाजूच्या लसीका ग्रंथी मोठ्या रक्तवाहिन्यांलगत असतात, आणि त्याच रक्तवाहिन्यांवर मूत्रपिंड जोडलेले असते. म्हणून त्या बाजूचे विच्छेदन पुष्कळदा टाळले जाते किंवा मर्यादित ठेवले जाते. कर्करोगशास्त्राच्या दृष्टीने ही तडजोडच होय.

त्याशिवाय पोटात भरलेल्या वायूच्या दाबाने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. तेव्हा तो दाब शक्य तितका कमी ठेवणे इष्ट. स्टेरॉइडमुळे जखम सावकाश भरते. सिरोलिमसच्या गटातील औषधे भरण्यास विशेष अडथळा करतात, म्हणून ती शस्त्रक्रियेच्या आधी बदलण्याचा प्रघात आहे. मूत्रपिंडास अपायकारक औषधे वर्ज्य करावी लागतात. संसर्गाचे भय इतरांहून अधिक. किरणोपचाराचा पर्याय असतो, पण त्यात नवी मूत्रवाहिनी व मूत्रपिंड किरणांच्या टप्प्यात येऊ नयेत याची चिंता असते.

या अडचणींपैकी यंत्राने किती सोडविल्या? अरुंद जागेत नेमकी हालचाल, स्पष्ट दृश्य, कमी रक्तस्राव आणि लहान जखम एवढे त्याने दिले, आणि जखम भरण्याची शक्ती क्षीण असलेल्या रुग्णात हे थोडे नव्हे. पण मूत्रवाहिनी कशी टाळावी हा प्रश्न यंत्राचा नव्हता, मार्गाचा होता. त्याचे एक सुंदर उत्तर मिलान येथील बोच्चार्दी यांच्या गटाने २०१० साली दुसऱ्याच कारणासाठी दिले. मूत्राशयाची पुढील बाजू मुळीच न सोडविता, गुदाशय व मूत्राशय यांच्यामधून मागच्या बाजूने ग्रंथीपर्यंत जाण्याचा मार्ग त्यांनी प्रसिद्ध केला. पुढील आधार अबाधित राहून मूत्रावरील ताबा लवकर परत यावा हा त्यांचा हेतू. परंतु रोपणग्राही रुग्णात या मार्गाने मूत्राशय व नवी मूत्रवाहिनी यांना जवळजवळ हात लागत नाही, हा त्याचा दुसरा लाभ लवकरच ध्यानात आला. यंग खालून गेले, मिलिन पुढून गेले, बोच्चार्दी मागून गेले. शतकभरात अवजारे पालटली. प्रत्येक पिढीचा मुख्य प्रश्न मात्र वाटेचाच राहिला.

यंत्राच्या वाट्याचे श्रेय ठरविण्यास एक तुलनाही उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे ३२६ सामान्य रुग्णांची चिठ्ठीपद्धतीने विभागणी करून उघडी व यंत्रसाहाय्यित शस्त्रक्रिया यांची तुलना करण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार यंत्रगटात रक्तस्राव कमी झाला. परंतु बारा आठवड्यांनंतर मूत्रावरील ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. निदान त्या दोन बाबतींत, अनुभवी हातापुढे अवजाराचा फरक गौण ठरला.

७

भारतात, आणि विशेषतः मुंबईत, या इतिहासाची एक शाखा आहे. देशातील मानवी मूत्रपिंडरोपणाचा पहिला प्रयत्न मे १९६५ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झाला, तो रुग्ण वाचला नाही. पहिले यश वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजास १९७१ साली मिळाले. १९९४ साली संसदेने मानवी अवयवांच्या रोपणाविषयीचा कायदा केला, आणि आरंभीच तो ज्या राज्यांस लागू झाला त्यांत महाराष्ट्र व गोवा यांचा समावेश होता. पुढे २०१३ पासून मेनन यांचा डेट्रॉइटचा गट व गुरगाव येथील शल्यवैद्य यांनी मिळून यंत्रहस्तांच्या साहाय्याने मूत्रपिंड बसविण्याची पद्धत विकसित केली. अष्ठीला काढण्यासाठी प्रसिद्धी पावलेले यंत्र आता मूत्रपिंड बसविण्याच्याही कामी आले. ज्या रुग्णाचे रोपण यंत्राने झाले त्याचीच अष्ठीला काही वर्षांनी यंत्राने काढावी लागणे, हे यापुढे असंभाव्य राहिलेले नाही.

तथापि या इतिहासातील सर्वांत गंभीर प्रश्न शस्त्रक्रिया कशी करावी हा नसून ती केव्हा करावी हा आहे. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर झालेल्या ‘प्रोटेक्ट’ या प्रयोगात सक्रिय देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांची तुलना करण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या निष्कर्षांत या रोगाने मरण पावलेल्यांचे प्रमाण २.७ टक्के होते आणि तिन्ही गटांत ते जवळजवळ सारखेच होते. आरंभीच्या अवस्थेतील पुष्कळ रुग्णांस घाई करण्याचे कारण नाही, असा त्याचा अर्थ. परंतु मूत्रपिंडरोपण झालेले व डायलिसिसवर असलेले पुरुष त्या प्रयोगातून आरंभीच वगळलेले होते. ज्या ज्ञानाच्या आधारे इतरांस थांबण्याचा सल्ला दिला जातो, त्या ज्ञानात या मनुष्याची नोंदच नाही. त्याच्याविषयीचे ज्ञान मुख्यत्वे मोजक्या रुग्णांच्या वृत्तांतांवर आणि नोंदवह्यांवर उभे आहे.

याचा परिणाम रोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णावर अधिक कठोरपणे झाला. पेन यांच्या नोंदींवरून १९९० च्या दशकात असा दंडक पडला की, कर्करोगावर उपचार झाल्यानंतर बहुतेक रुग्णांनी रोपणापूर्वी निदान दोन वर्षे थांबावे. प्रतिकारशक्ती दडपल्यावर दबलेला रोग उसळेल ही भीती साधार होती. पण डायलिसिसवरील दोन वर्षे ही साधी दोन वर्षे नसतात. तेवढ्या काळात मूत्रपिंडाच्या विकारानेच रुग्ण दगावण्याचा संभव असतो. सौम्य अष्ठीला-कर्करोगापायी मनुष्यास या प्रतीक्षेत ठेवणे म्हणजे लहान धोका टाळण्यासाठी मोठा धोका पत्करणे होय, हे हळूहळू मान्य होत गेले. २०२० च्या आंतरराष्ट्रीय ‘केडिगो’ मार्गदर्शिकेत ग्लीसन श्रेणी ६ अथवा कमी असल्यास प्रतीक्षेची आवश्यकता नाही, ७ असल्यास निदान दोन वर्षे आणि ८ ते १० असल्यास निदान पाच वर्षे, अशी विभागणी आढळते. एकाच नावाखाली येणारे सौम्य व उग्र रोग निराळे आहेत, ही जाणीव त्या विभागणीमागे आहे. ‘कर्करोग’ हा एकच शब्द पूर्वी दोन्हींना सारखाच लावला जाई, आणि त्याचे फळ रुग्णांनी प्रतीक्षायादीत भोगले.

उपर्युक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, रोपणग्राही पुरुषावरील यंत्रसाहाय्यित अष्ठीला-शस्त्रक्रिया हे एका यंत्राचे अपत्य नाही. शिवणीची विद्या, मूत्रपिंडाची जागा, मातीतून आलेली औषधे, रक्ताची चाचणी आणि मज्जातंतूंचे ज्ञान यांच्या पाठोपाठ यंत्र आले, आणि त्याने आधीच आखलेल्या वाटेवरील प्रवास सुकर केला. दुसरा असा की, एका पिढीने रुग्णास वाचविण्यासाठी केलेली योजना पुढील पिढीला रुग्णाच्या शरीररचनेचाच भाग म्हणून स्वीकारावी लागते. क्यूस यांची जागा, पेन यांचा दंडक आणि मालक-गुलाम रचना ही तिन्ही याची उदाहरणे होत. तिसरा निष्कर्ष व्यवहाराचा आहे. ज्या मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी ही सारी सावधगिरी घ्यावयाची, ते बहुधा आईने, भावाने, पत्नीने वा एखाद्या अनोळखी मृत व्यक्तीच्या कुटुंबाने दिलेले असते. अशा दानाचा धारक केवळ त्याच्यासंबंधी पुरावा गोळा झाला नाही म्हणून अनावश्यक शस्त्रक्रियेस अथवा अनावश्यक प्रतीक्षेस सामोरा जावा, हे शास्त्रास भूषणावह नाही. त्याला वगळून झालेल्या प्रयोगांची उणीव भरून काढणे हे पुढील संशोधनाचे कार्य आहे, आणि ते कार्य कोणतेही यंत्र आपण होऊन करणार नाही.